दिव्याआड धरलेला हात : हळदणकरांची दीपधारिणी आणि आर्तेमिझियाची ज्युडिथ



आपल्या मंडळाच्या दीपोत्सवात प्रवेशद्वाराशी दरवर्षी एक तसबीर ठेवलेली असते. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीपुढे धरलेली, साडीतली तरुणी. तसबिरीखाली आम्ही एक कार्ड लावतो. त्यावर बरीच वर्षे 'दीपधारिणी : चित्रकार राजा रविवर्मा' असे लिहिलेले होते. अक्षर आमचेच.

गेल्या दिवाळीत सुट्टीला इंदूरहून आलेली आपल्यातलीच एक मुलगी त्या कार्डापुढे थांबली. ती चित्रकला शिकते. हळूच म्हणाली, "काका, हे रविवर्मांचं नाही. हळदणकरांचं आहे."

आम्ही पस्तीस वर्षे बँकेत काढली. सही जुळली नाही म्हणून ओळखीच्या माणसाचाही चेक परत केला आहे. इथे मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर चित्र जमा करून मोकळे झालो होतो. कार्ड तेव्हाच काढले. मुलीला म्हटले, बस, चहा घे आणि नीट सांग. तिने हळदणकरांचे सांगितलेच, पण जाताना मोबाइलवर आणखी एक चित्र दाखवले. त्यातही एक स्त्री दिव्याआड हात धरून उभी होती. फक्त तिच्या दुसऱ्या हातात तलवार होती.

त्या दिवसापासून ही दोन चित्रे आमच्या डोक्यातून गेली नाहीत. आम्ही बीकॉम झालेले, चित्रकलेचे शिक्षण नाही. पण गेले वर्षभर जमेल तसे वाचले, पाहिले, आमच्या सौ.शी वाद घातले, आणि त्यातून जे उमगले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

आधी आपले चित्र

सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, आणि १९१८ मध्ये 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन करणाऱ्यांत ते होते. १९६८ मध्ये ते गेले. व्यक्तिचित्रे आणि जलरंग यांत त्यांचा हातखंडा होता.

आपण ज्याला दीपधारिणी म्हणतो त्या चित्राचे प्रसिद्ध नाव 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. त्याच राजवाड्यात राजा रविवर्मांचीही चित्रे आहेत, आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होत असावा. साडीतली देखणी स्त्री दिसली की रविवर्मा, असे आपण धरून चालतो. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तले, आणि हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी काढलेले आहे. शिवाय रविवर्मा म्हटले की तैलरंग. हे चित्र आहे जलरंगातले.

नोकरीत असताना एलएफसीवर आम्ही सहकुटुंब म्हैसूरला गेलो होतो आणि हे चित्र प्रत्यक्ष पाहिले होते. पण मुलांना वृंदावन गार्डनची घाई, आणि आम्हाला मुलांची. पाटी न वाचताच पुढे सरकलो. वाचली असती तर पुढची चूक टळली असती.

चित्रासाठी उभी राहिलेली तरुणी म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी. ती पुढे कोल्हापूरला राहिली आणि २०१८ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि घरोघरच्या कॅलेंडरांवरचा हा चेहरा कोणाचा हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

उजेड रंगवायचा म्हणजे काय

या चित्रातली खरी करामत बोटांत आहे. ज्योत आपल्याला दिसत नाही, ती हाताआड आहे. पण तिचा उजेड बोटांच्या मांसातून आरपार येतो आणि बोटांच्या कडा तांबूस पेटल्यासारख्या दिसतात. घरी करून पाहण्यासारखे आहे. रात्री सगळे दिवे बंद करा, निरांजन हातात घ्या आणि ज्योतीपुढे तळवा धरा. रक्तातून गाळून आलेला उजेड लाल होतो. आपला हात आपल्यालाच परका वाटू लागतो.

आता ज्योत लपवायची कशासाठी? रंग कितीही शुभ्र असला तरी तो खऱ्या ज्योतीइतका प्रखर होऊ शकत नाही. ज्योत मधोमध रंगवली तर ती फिकी पडते आणि तिच्यापायी बाकीचा उजेडही खोटा वाटतो. ज्योत झाकली की मात्र चेहरा, बोटे, पदराची कड यांवर पडलेला उजेड पाहून आपले मनच झाकलेल्या ज्योतीची कल्पना करते.

जलरंगात हे आणखी अवघड. तैलरंगात गडद रंगावर नंतर उजळ रंग चढवता येतो. जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागदच. उजेड कुठे हवा ते आधी ठरवून तेवढा कागद राखावा लागतो आणि भोवती अंधार भरत जावे लागते. एकदा गडद पाणी फिरले की पूर्वीचा उजेड परत आणणे फार कठीण. बँकेच्या भाषेत, खोडाखोड चालत नाही. हे कळल्यावर आम्ही त्या बोटांकडे नव्या आदराने पाहिले.

अशा छायाप्रकाशाच्या खेळाला इटालियन भाषेत 'कियारोस्कुरो' म्हणतात. शब्दाचा अर्थच उजेड-अंधार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकात युरोपात जी बरोक शैली आली, तिने हा खेळ टोकाला नेला. बरोकची वास्तू पाहायची तर लांब जायला नको. आपण गोव्याला जातो तेव्हा जुन्या गोव्यातले बॉम जेझस चर्च पाहतोच. १६०५ मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू याच शैलीची म्हणून ओळखली जाते. बरोकला शांत, जिथल्या तिथे बसवलेली मांडणी नको असते. प्रसंगातला नेमका कडेलोटाचा क्षण पकडायचा, बाकी सगळे काळोखात सोडायचे आणि एकाच बाजूने उजेडाचा झोत टाकायचा, ही तिची रीत. नाटकवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

आपल्या बऱ्हाणपूरकरांनाही नको. ज्यांनी कुंडी भंडाऱ्यात उतरून पाहिले आहे त्यांनी हे अनुभवलेले आहे. सुमारे ऐंशी फूट खाली, चुनखडीने पांढऱ्या झालेल्या भुयारात, डोक्यावरच्या कुंडीतून उजेडाचा एकच खांब खाली येतो. त्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे कपाळ आणि नाक तेवढे उजळते, डोळे खोबणीत बुडतात आणि दोन पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. रोजचाच ओळखीचा चेहरा काहीतरी मोठे घडल्यासारखा दिसतो. खानखानान अब्दुल रहीमांच्या काळात, १६१५ मध्ये हा भंडारा झाला. त्याच सुमारास इटलीत चित्रकार तसाच झोत कॅनव्हासवर टाकत होते.

ज्युडिथची गोष्ट

मोबाइलवरचे दुसरे चित्र समजायला त्यामागची गोष्ट माहीत हवी. ती बायबलच्या जुन्या करारातल्या ज्युडिथ नावाच्या पुस्तकातली. कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे. ज्यू आणि प्रॉटेस्टंट परंपरा त्याला मूळ धर्मग्रंथांत धरत नाहीत.

बेथुलिया नावाच्या डोंगरावरच्या गावाला होलोफर्नेस या सेनापतीने वेढा घातला. लढाई करण्याऐवजी त्याने गावाचे पाणी तोडले. झरे ताब्यात घेतले. आपल्या गावाला, ज्याने पाण्यासाठी डोंगराखालून भुयारे खणली, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. टाक्या आटल्या, बायका-मुले तहानेने रस्त्यात कोसळू लागली. गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, आणखी पाच दिवस देवाची वाट पाहायची आणि मग शरण जायचे.

ज्युडिथ त्या गावातली विधवा. पती गेल्यापासून तीन वर्षांवर ती व्रतस्थ राहत होती. तिने वडीलधाऱ्यांना बोलावून सुनावले की देवाला मुदत घालणारे तुम्ही कोण? मग वैधव्याची वस्त्रे उतरवली, स्नान केले, ठेवणीतले कपडे आणि दागिने घातले, आणि एका दासीला बरोबर घेऊन शत्रूच्या छावणीत गेली. दासीकडे शिध्याची पिशवी होती, कारण शत्रूचे अन्न ज्युडिथ खाणार नव्हती.

तीन दिवस ती छावणीत राहिली. रोज रात्री प्रार्थनेसाठी म्हणून दासीला घेऊन छावणीबाहेर जायची आणि परत यायची. पहारेकऱ्यांना सवय झाली. चौथ्या रात्री होलोफर्नेसने मेजवानी दिली, वाईट हेतूने तिला बोलावले, आणि स्वतःच पिऊन पडला. तंबूत दोघेच उरले. ज्युडिथने त्याचीच तलवार काढली, देवाचे नाव घेतले आणि दोन घावांत त्याचे शिर उतरवले. दासीने ते शिध्याच्या पिशवीत टाकले. दोघी रोजच्यासारख्या प्रार्थनेला निघाल्या. कोणी अडवले नाही. सकाळी शिर गावाच्या तटावर लटकले आणि सैन्य पळत सुटले.

रोज रात्री बाहेर जाण्याची सवय पहारेकऱ्यांना आधीच लावून ठेवणे, ही त्या गोष्टीतली आम्हाला सर्वांत आवडलेली बाब. धाडस सगळ्यांना दिसते. त्यामागची तयारी कोणी मोजत नाही.

एकच प्रसंग, दोन चित्रकार

ही गोष्ट युरोपातल्या चित्रकारांची फार आवडती. काराव्हाज्जो (१५७१–१६१०) हा बरोक छायाप्रकाशाचा मोठा उस्ताद. त्याने १६०० च्या आसपास काढलेले ज्युडिथचे चित्र रोमच्या बार्बेरिनी राजवाड्यात आहे. लाल पडदा, किंचाळणारा होलोफर्नेस, सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी दासी, आणि मध्ये शुभ्र पोलक्यातली कोवळी ज्युडिथ. चित्र जबरदस्त आहे. पण ज्युडिथच्या देहाकडे बघा. हात लांब केलेले, अंग मागे घेतलेले, कपाळाला आठी. आमच्या सौ. म्हणाल्या, "ही मान कापत नाहीये, नको असलेलं काहीतरी दोन बोटांनी उचलतेय." दासी तर नुसती कापड धरून उभी आहे.

आता दुसरे नाव. आर्तेमिझिया जेंतिलेस्की, जन्म रोममध्ये १५९३. वडील ओराझियो नावाजलेले चित्रकार, आणि ती त्यांच्याच चित्रशाळेत शिकली. १६११ मध्ये वडिलांचा सहकारी चित्रकार अगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला. पुढच्या वर्षी खटला झाला आणि तो सात महिने चालला. साक्ष देताना ती खरे बोलते की नाही हे तपासण्यासाठी तिच्या बोटांभोवती दोऱ्या आवळल्या गेल्या. छळ आरोपीचा नव्हे, फिर्याद करणारीचा. आणि बोटे कोणाची, तर चित्रकाराची. दोऱ्या आवळल्या जात असतानाही ती आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. तास्सी दोषी ठरला, पण त्याला शिक्षा फारशी भोगावी लागली नाही.

त्याच सुमारास आर्तेमिझियाने ज्युडिथ रंगवली, जी आज नेपल्समध्ये आहे, आणि १६२० च्या सुमारास तोच प्रसंग पुन्हा, जी फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. तिच्या चित्रात ज्युडिथने बाह्या वर सारल्या आहेत. दंड भरलेले आहेत. एका हाताने केस मुठीत धरलेत, दुसऱ्याने तलवार दाबली आहे. आणि दासी म्हातारी नाही. तीही तरुण, दणकट आहे आणि होलोफर्नेसला वरून दाबून धरते आहे. दोन बायकांनी वाटून घेतलेले ते अंगमेहनतीचे काम आहे. ज्यांनी वाड्यात गादी पिंजून, घडी घालून, दोघींनी दोन टोके धरून बांधताना पाहिली आहे, त्यांना ते हात ओळखीचे वाटतील.

पुष्कळजण म्हणतात की हा तिने चित्रातून उगवलेला सूड आहे. असेलही त्यात काही. पण तेवढ्यावरच थांबले तर तिच्यावर अन्याय होईल असे आम्हाला वाटते. ज्युडिथची चित्रे त्या काळी मागणी असलेला माल होता आणि आर्तेमिझिया त्यावर घर चालवणारी व्यावसायिक चित्रकार होती. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. तिच्या चित्रात आपबिती किती हे कोणी तोलू शकत नाही. काम करणारा हात कसा दिसतो हे तिला ठाऊक होते, हे मात्र चित्रात स्पष्ट दिसते.

मेणबत्तीजवळची ज्युडिथ

त्या मुलीने दाखवलेले चित्र याच्या पुढचे आहे. १६२३ ते १६२५ च्या सुमाराचे, सहा फूट उंचीचे, सध्या अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात असलेले. हाही ज्युडिथचाच प्रसंग, पण शिर उतरवून झाल्यानंतरचा.

तंबू. काळोख. टेबलावर एकच मेणबत्ती. पिवळ्या झग्यातली ज्युडिथ उभी, एका हातात तलवार. दासी खाली वाकून शिर पिशवीत भरते आहे. आणि त्याच क्षणी बाहेर काहीतरी वाजले आहे. काय वाजले ते चित्रात नाही, पण दोघींच्या माना एकाच दिशेला वळल्या आहेत. दासीचे हात थांबले आहेत. ज्युडिथने मोकळा हात वर केला आहे आणि त्या तळव्याची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली आहे. अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा काळोखात.

रक्त इथे जवळजवळ नाही. तरी हे चित्र पाहताना श्वास रोखला जातो. घाव घालणे एका क्षणाचे. खरी परीक्षा आता, छावणीतून जिवंत बाहेर पडण्याची.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हाला वाटले, अरे, ही तर आपलीच दीपधारिणी. तोच उजेड, तोच आडवा हात. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवून नीट पाहिले, आणि फरक लक्षात आला. सगळा फरक हात कुठे आहे यात आहे.

हळदणकरांच्या चित्रात हात ज्योत आणि पाहणारे आपण यांच्यामध्ये आहे. ज्योत आपल्यापासून झाकली गेली, म्हणून तिचा चेहरा आपल्याला दिसतो. वाऱ्यापासून दिवा जपणारी ती मुलगी, आणि तिच्याकडे पाहणारे आपण.

आर्तेमिझियाच्या चित्रात हात ज्योत आणि ज्युडिथचे डोळे यांच्यामध्ये आहे. तो हात आपल्यासाठी नाहीच. दिव्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला बाहेरच्या अंधारातले दिसत नाही, हे लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला पाठ आहे. दारावर कोणी आले तर आई कंदिलावर हात धरून मगच बाहेर बघायची. ज्युडिथ तेच करते आहे. तिला बघायचे आहे.

एक हात तिला पाहता यावे म्हणून, दुसरा तिने पाहावे म्हणून.

याचा अर्थ हळदणकरांचे चित्र कमी प्रतीचे असा कृपया कोणी काढू नये. बापाने मुलीकडे पाहून काढलेल्या त्या चित्रात जी माया आहे ती ज्युडिथच्या तंबूत कुठून येणार? पण शेकडो वर्षे जगभर चित्रांतल्या बायका बहुतांशी पाहिल्या जाण्यासाठीच उभ्या आहेत, कॅलेंडरांवर तर नक्कीच. त्यांत एखादीच आपल्याकडे पाठ करून स्वतःच्या कामात, स्वतःच्या धोक्यात गुंतलेली भेटते. ती भेटली की बाकीच्या चित्रांकडे बघण्याची आपली नजरही थोडी बदलते. आमची तरी बदलली.

सैरंध्री आठवते

हे वाचताना अनेकांना सैरंध्री आठवली असेल. आम्हालाही आठवली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची नजर पडते. ती दरबारात दाद मागते. भर सभेत राजासमोर कीचक तिला लाथ मारतो, आणि राजा गप्प बसतो. मग रात्री ती स्वयंपाकघरात भीमाला उठवते. बेत ठरतो. नर्तनशाळेतल्या काळोखात कीचक ज्याला द्रौपदी समजून हात लावतो तो भीम असतो. काम झाल्यावर पहारेकरी मशाली घेऊन धावत येतात, आणि त्या उजेडात कीचकाचे काय झाले ते जगाला दिसते. व्यासांनाही अंधार कधी ठेवायचा आणि उजेड कधी आणायचा हे नेमके कळत होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच कथेवर 'कीचकवध' लिहिले. १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत भारतमाता, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पौराणिक स्त्रीची दाद राज्यकर्त्यांना इतकी झोंबली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रंगमंचावरची द्रौपदी मात्र पुरुषच करत असे.

सैरंध्री आणि ज्युडिथ यांच्यात साम्य मोठे आहे. दोघींच्याही आधी वडीलधारे आणि सत्ताधारी हातावर हात ठेवून बसले होते. दोघींनीही बेत स्वतः आखला. फरक एवढाच की सैरंध्रीला भीम होता. ज्युडिथबरोबर होती फक्त एक दासी. तिचे नावही बायबलमध्ये नाही.

सही कोणाची

शेवटी पुन्हा त्या कार्डाकडे येतो, कारण लेख तिथूनच सुरू झाला.

हळदणकरांचे चित्र आपण रविवर्मांच्या नावावर टाकले. आर्तेमिझियाच्या वाट्याला याहून वाईट आले. ती गेल्यावर तिची कितीतरी चित्रे वडिलांच्या नाहीतर दुसऱ्या कोणा चित्रकाराच्या नावावर गेली. बाई असे चित्र काढेल हे लोकांना खरे वाटेना. १९१६ साली रोबेर्तो लोंगी या इटालियन कलासमीक्षकाने बाप-लेकीवर लेख लिहिला तेव्हापासून हळूहळू हिशेब लागू लागला, आणि २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने तिच्या एकटीच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. आणि तिने सही केली नव्हती असेही नाही. उफित्सीतल्या ज्युडिथवर तिने चक्क तलवारीच्या पात्यावर नाव लिहून ठेवले आहे. लोकांनीच ते वाचले नाही, जसे आम्ही म्हैसूरची पाटी वाचली नाही.

आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर आईने केलेले भरतकाम आहे. तीच दीपधारिणी, कापडावर रेशमी धाग्यांनी भरलेली. चित्रकाराने जिथे कोरा कागद राखला तिथे आईने फिकट केशरी धागा घातला आहे, बोटांच्या कडांना. दुपारी सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर, खिडकीशी बसून, कितीतरी महिने ती ते भरत होती. पाहुणे आले की आम्ही सांगायचो, "रविवर्मांचं चित्र आहे." आई काही बोलायची नाही. आता ती नाही.

लेख लिहायला घेतल्यावर एक दिवस तसबीर खाली उतरवली. पुढे-मागे कुठेही नाव नव्हते. सौ.नी धूळ पुसली. आम्ही मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिले : मूळ चित्र, सा. ल. हळदणकर. त्याखाली : भरतकाम, आणि आईचे पूर्ण नाव. साल नक्की आठवेना, म्हणून लिहिले नाही.

सभासदांना विनंती एवढीच, की आपल्याही घरी असे भरतकाम, मण्यांचे काम, रांगोळीचा फोटो, हाताने रंगवलेली तसबीर असेल तर ती उलटून पाहावी. केलेलीचे नाव माहीत असेल तर लिहून ठेवावे, ते सांगणारे कोणी आहे तोवर. येत्या दीपोत्सवात अशा वस्तूंसाठी प्रवेशद्वाराशी एक टेबल ठेवू. कार्डे आम्हीच लिहू, पण या वेळी आधी विचारून.